लाभ, एक, दोन

रत्नागिरी,
रविवार, २३ जानेवारी २०००

प्रिय आत्या,

नमस्कार आधी, खुलासा नंतर. मनूताई रत्नागिरीला रक्त मोजते असं आपला बागेतला गडी केरू गावभर सांगत फिरतो, हे तुझ्या कार्डावरून कळलं. ते अर्धंच खरं आहे, आणि अर्धं खरं मला झोपू देत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

सकाळी मी डॉ. राजश्रीबाईंच्या लॅबमध्ये बाकीच्या मुलींसारखीच रक्त-लघवी तपासते. नोव्हेंबरपासून दुपारी दोन ते पाच मात्र वेगळं काम आहे. बाईंच्या मुंबईच्या एका वर्गमैत्रिणीने स्तनाच्या कर्करोगाचा अभ्यास चालवलाय. पूर्वी ऑपरेशन करून काढलेल्या गाठी तिकडे मेणात जपून ठेवल्यात. त्यांची कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ चकती कापतात, काचपट्टीवर बसवतात आणि असा रंग देतात, की रक्तवाहिन्याच तेवढ्या तपकिरी दिसाव्यात. त्या काचा लाकडी पेटीतून इथे येतात. मी मायक्रोस्कोपखाली त्यांतल्या वाहिन्या मोजते.

कशाला, हे तू विचारणारच. गाठीला वाढायचं तर रक्त हवं. त्यासाठी ती शरीराकडून नव्या वाहिन्या आपल्याकडे ओढून घेते. जिने जास्त ओढल्या ती गाठ पुढे लवकर उलटली का, एवढंच बघायचंय. त्या बायकांचं पुढे काय झालं ते मुंबईला माहीत आहे. माझ्याकडे नावं नाहीत, फक्त नंबर.

प्रत्येक काच दोघांनी मोजायची असा नियम आहे. दुसरा मोजणारा मुंबईचा मुकुल. त्याचा आकडा मला सांगत नाहीत आणि माझा त्याला. हा नियम मला फार आवडला. कोणी बघत नसताना मोजायचं आणि तरी कोणीतरी ताडून बघणार.

आई-बाबा अजून बोरिवलीला वरददादाकडेच आहेत. मी वेळेवर जेवते. (रविवारी थोडा उशीर होतो.)

तुझी,
मनू

&nbsp;

मंडणगड,
३ फेब्रुवारी २०००

चि. मनू,

आशीर्वाद आहेतच, ते काही पत्राची वाट बघत नाहीत.

म्हणजे ती गाठ बांडगूळच की गो. कलमावर बसतं, फांदीचा रस ओढतं आणि स्वतः हिरवंगार राहतं. केरूला तुझं पत्र वाचून दाखवलं. तो म्हणाला, मग मोजत काय बसायचं, कोयत्याने काढून टाकायचं. मी म्हटलं, काढून टाकलेलंच मोजतात. त्यावर त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की शिकलेल्या माणसांबद्दलचं त्याचं मत मला कळलं.

मोहोर बरा आहे. खालच्या अंगाला तुडतुडा पडलाय, वरच्या कातळाच्या सड्यावरची झाडं स्वच्छ आहेत. माझा गुडघा आहे तिथेच आहे.

आता मुद्द्याचं. हा मुकुल कोण? आडनाव लिहिलं नाहीस. कुठला, वय काय, मुंबईत स्वतःची जागा आहे की भाड्याची? एकमेकांना काही सांगायचं नाही, हा नियम तुला आवडतो हे वाचून मी जरा विचारात पडले. लग्नात तो फार दिवस चालत नाही.

उमाआत्या

&nbsp;

रत्नागिरी,
रविवार, २७ फेब्रुवारी २०००

प्रिय आत्या,

मुकुलबद्दल मला एवढंच माहीत आहे, की फॉर्मवर त्याच्या रकान्यात 'मु.' आणि माझ्या रकान्यात 'म.' लिहितात. तो कुठला, केवढा, काही माहीत नाही, आणि माहीत करून घेणं नियमाला धरून होईल असं वाटत नाही. कृपया आईला काही लिहू नकोस.

बांडगुळाचं मी बाईंना सांगितलं. त्या हसल्या. पण मला एक दुरुस्ती करायची आहे. बांडगुळाचं बी पाखरू बाहेरून आणून टाकतं. गाठ मात्र आपल्याच शरीराची असते आणि वाहिन्याही आपल्याच. फांदीने स्वतःच वेडं व्हावं, तसं ते आहे.

एक शंका मात्र मला महिनाभर छळत होती. आधी लहान भिंगाने सगळी काच फिरून बघायची, वाहिन्या सर्वांत दाट कुठे आहेत ते शोधायचं, आणि तिथल्याच तीन जागा मोठ्या भिंगाने मोजायच्या, अशी पद्धत आहे. मला वाटलं, ही तर लबाडी. लगडलेली फांदी बघून आख्ख्या बागेचा अंदाज सांगणाऱ्या दलालासारखी. बाईंना भीत भीत विचारलं. त्या म्हणाल्या, गाठ सगळीकडे सारखी नसते, तिचा जोर जिथे सर्वांत जास्त तिथेच तिचा स्वभाव कळतो. शिवाय दोघंही दाट जागाच शोधतात, म्हणजे अन्याय झाला तर सगळ्या गाठींवर सारखाच. मग मी शांत झाले.

मोजायला अंगठ्याने दाबायचं एक यंत्र दिलंय. दाबलं की आकडा पुढे सरकतो. मी ते रिकाम्या वेळी शंभरदा दाबून पाहिलं, तर त्याने एकशे एक दाखवले. पुन्हा दाबलं तर शंभर. तेव्हापासून ते खणात पडून आहे. मी तोंडानेच मोजते, तू शिकवलंस तसं. त्यात काही बिघडायला नाही.

तुझी,
मनू

&nbsp;

रत्नागिरी,
रविवार, १९ मार्च २०००

प्रिय आत्या,

हे पत्र तू केरूला वाचून दाखवू नकोस.

बुधवारी बाईंनी मला आत बोलावलं आणि दार लावून घेतलं. मुंबईला पहिल्या अठ्ठ्याहत्तर काचांचे दोघांचे आकडे ताडून पाहिले. दोन माणसांचे आकडे थोडे इकडेतिकडे व्हायचेच, ते धरून चालतात. कधी याचा जास्त, कधी त्याचा. पण रत्नागिरीचा आकडा जवळजवळ दर वेळी कमी. किती कमी, ते बाईंनी सांगितलं नाही. म्हणाल्या, ते सांगितलं तर तू त्या हिशेबाने बघायला लागशील. मलाही ते पटलं.

एप्रिलअखेर कारण सापडलं नाही, तर पुढच्या काचा दुसरीकडे जातील, आणि मोजलेल्या बाद. हे काम रत्नागिरीला मिळावं म्हणून बाईंनी किती पत्रं लिहिली होती, ते मी टाइप करताना पाहिलंय. छोट्या गावातल्या लॅबला जमेल का, असं तेव्हा कोणीतरी विचारलं होतं. आता त्या कोणातरीचं खरं होणार, आणि ते माझ्यामुळे.

चारच दिवसांत मी डोळे तपासून घेतले. चांगले आहेत. मायक्रोस्कोपचं भिंग पुसलं, दिवा बदलला. तरीही माझ्या नजरेतून काहीतरी निसटतंय, आणि निसटतंय ते मला दिसणार कसं?

एक गोष्ट कबूल करते. गुरुवारी एका काचेवर एकतीस आले आणि मनात आलं, तेहतीस लिहिले तर कोणाला कळणार आहे. लिहिले नाहीत. पण मनात आलं. मी राजीनाम्याचं पत्र लिहून ठेवलंय, तारीख घातलेली नाही.

मनू

&nbsp;

मंडणगड,
२५ मार्च २०००

मनू,

राजीनाम्यावर तारीख घालू नकोस. नाहीतर मी गुडघ्यासकट एस.टी.त बसून येईन आणि तुझ्या बाईंसमोर तुझी चौथीची गणिताची वही उघडीन.

त्या वहीची आठवण ठेव. शाळा डोंगरापलीकडे, म्हणून चार इयत्ता तू माझ्यापुढे ओटीवर बसून केल्यास. तुझं उत्तर चुकलं की मी कधी "पुन्हा कर" म्हटलं का? पुन्हा केलं की माणूस तीच चूक जास्त सफाईने करतो. मी म्हणायची, केलंस ते सगळं मोठ्याने सांग. पेन्सिल उचलली तिथपासून. सात नि आठ पंधरा, हातचा एक, तो कुठल्या बोटावर ठेवला तेही. आणि सांगता सांगता तूच थांबायचीस.

तेच आता कर. काच पेटीतून काढल्यापासून आकडा लिहीपर्यंत काय काय करतेस ते सगळं लिही. क्षुल्लक वाटेल तेही. मला त्यातलं काही कळत नाही, म्हणून तर मला लिही. ज्याला कळतं तो मधलं वगळून वाचतो.

केरूला वाचून दाखवलं नाही. पण त्याने माझा चेहरा वाचला, आणि वरच्या झाडाचे दोन पाडाचे आंबे मुद्दाम आणून ठेवले. ते तुझ्या नावाने मी खाल्ले.

उमाआत्या

&nbsp;

रत्नागिरी,
गुरुवार, ३० मार्च २०००

प्रिय आत्या,

सांगितलंस तसं लिहिते. कंटाळा आला तर दोन बैठकांत वाच.

दोन वाजता हात धुते. पेटीतून काच काढते, कडांना धरून, आणि नंबर दोनदा मोठ्याने वाचते. वहीत लिहिते. काचेची पाठ मऊ कापडाने पुसते. मायक्रोस्कोपचा दिवा लावून पाच मिनिटं थांबते, कारण सुरुवातीला उजेड पिवळट असतो. मग लहान भिंगाने शेत नांगरल्यासारखी वरून खाली, पुन्हा वर, अशी सगळी काच फिरते. जिथे तपकिरी ठिपके नि रेघा दाट दिसतात त्या तीन जागा कागदावर काढून ठेवते. गाठीच्या कडेच्या कुजलेल्या भागात जात नाही, तसा नियम आहे.

मग मोठं भिंग. आत एक गोल दिसतो, परातीएवढा वाटतो. त्यात जे जे तपकिरी, शेजाऱ्यापासून सुटं, ते एक धरायचं. मधोमध पोकळी दिसलीच पाहिजे असं नाही. एकाच पेशीचा ठिपका असला तरी धरायचा. दोन रेघा एकमेकींना चिकटल्या असतील तर एकच. शंका असली तर पेन्सिलीने खूण करून शेवटी पुन्हा बघते.

मोजायला लागताना श्वास सोडते, म्हणजे टेबल हलत नाही. उजवा डोळा लावते, डावाही उघडा ठेवते. गोलाच्या वरच्या कडेला डावीकडे जी पहिली वाहिनी असेल तिच्यावर लाभ म्हणून डोळा टेकवते आणि तिथून उजवीकडे सरकत एक, दोन, तीन असं मोजत जाते. ओळ संपली की खालची ओळ. ओठ हलतात, आवाज काढत नाही, कारण शेजारी दमयंती हिमोग्लोबिन बघत असते आणि तिचे आकडे चुकतात. गोल संपला की आकडा लिहिते, डोळे मिटून वीस सेकंद बसते, आणि दुसरी जागा.

तिन्ही जागांचा आकडा लिहून कागद पाकिटात घालते, पाकीट चिकटवते.

हे सगळं मी दोनदा वाचलं. मला काहीच सापडलं नाही, आत्या. तू म्हणालीस की सांगता सांगता मीच थांबेन. मी कुठेच थांबले नाही.

मनू

&nbsp;

मंडणगड,
पाडवा, ५ एप्रिल २०००

मनू,

गुढी उभारली नि लगेच लिहायला बसले. नैवेद्य केरूची हौसा बघते आहे.

तू थांबली नाहीस, मी थांबले. "लाभ म्हणून डोळा टेकवते" तिथे. लाभ कुठे गेला, मनू? कागदावर कुठल्या रकान्यात लिहिलास?

साऱ्या गावात लाभ म्हणजेच एक. धान्य मापताना पहिल्या पायलीला एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं, आणि पुढची दोन. बाहेर कुठेही हेच. आपल्या घरात मात्र आजोबांनी वेगळं सुरू केलं. आंबे मोजताना पहिला लाभ, तो उचलून गावदेवीच्या सुपात, आणि पुढच्यापासून एक. लाभ देवीचा, तो आपल्या मोजणीत नाही. तू चार वर्षांची होतीस तेव्हा मी तुला आकडे शिकवले ते काजूच्या बियांवर. पहिली बी बाजूला सरकवायची, लाभ म्हणायचं, मग एक. तू इतकी नेमाने करायचीस, की मला कौतुक वाटायचं.

गोलातली पहिली वाहिनी तू देवीच्या सुपात टाकतेस गो. प्रत्येक गोलात. तुझ्या डोळ्यांत काही नाही. माझ्या शिकवण्यात आहे.

आता बाईंना सांग. रडत सांगू नकोस.

आत्या

&nbsp;

मंडणगड,
७ एप्रिल २०००

डॉ. राजश्रीबाई यांना,

तुमची माझी ओळख नाही. मी मनस्विनीची आत्या आणि तिची चौथीपर्यंतची शाळा.

तिच्या मोजणीतला दोष सापडला आहे. पहिली वाहिनी ती "लाभ" म्हणून सोडते आणि दुसरीपासून एक मोजते. आमच्या घरची ही रीत आहे आणि ती तिला मी शिकवली. ती तुम्हाला सांगेलच, पण शब्द जुळवण्यात ती वेळ घालवील अशी मला भीती वाटते. भित्री आहे, लबाड नाही. एकतीसचे तेहतीस तिने लिहिले नाहीत, हे तुम्हाला ठाऊक नसेल म्हणून कळवते. ठेवायचं की काढायचं ते तुम्ही ठरवालच. ठरवताना चूक माझ्या खाती धरावी.

हे पत्र मी लिहिलं, हे तिला कळलं तर ती माझ्याशी दोन महिने बोलणार नाही.

आपली,
उमा

&nbsp;

(पोस्टकार्ड)

रत्नागिरी, १० एप्रिल

आत्या, तुझं पत्र शनिवारी संध्याकाळी मिळालं, तेव्हा लॅब बंद होती. काल रविवार. आज सकाळी सांगितलं. रडत नाही, पण बराच वेळ उभी राहून सांगितलं, बसायचं सुचलं नाही. पुढचं मागाहून लिहिते. काचा काढायच्या आहेत. मनू

&nbsp;

रत्नागिरी,
बुधवार, १२ एप्रिल २०००

आदरणीय उमाताई,

आपलं पत्र काल, मंगळवारी दुपारी मिळालं. मनस्विनीने मला सारं परवा सकाळी सांगितलं होतं. म्हणजे ती आपल्या पत्राच्या एक दिवस पुढे होती, हे आपल्याला कळावं म्हणून हे लिहिते आहे.

मी दाराला कडी लावायच्या आत ती म्हणाली, "बाई, पहिली वाहिनी मी मोजतच नाही." मग आंबे, सूप, काजू असं सगळं ऐकलं. तिला मी फरक किती ते सांगितलं नव्हतं. फरक गोलामागे सरासरी एकाचाच आहे. ते ऐकल्यावर ती पहिल्यांदा खाली बसली.

मी सुचवलं, प्रत्येक गोलात एक मिळवून टाकू, काम संपलं. तिने नकार दिला. लाभ प्रत्येक वेळी म्हटलाच असेल असं शपथेवर सांगता येत नाही, शिवाय ज्या गाठीत सहाच वाहिन्या आहेत तिथे अंदाजाने एक घालणं बरं नाही, असं तिचं म्हणणं. अठ्ठ्याहत्तर काचा ती पुन्हा मोजते आहे. नंबर झाकून, नव्या क्रमाने. मुंबईला मी तसं कळवलंय. मोजणीत चूक होणारी माणसं मला पुष्कळ मिळतील. अशा तऱ्हेने चूक सांगणारी मिळायची नाहीत.

आपलं पत्र सोबत परत पाठवते आहे. ते माझ्या खणात राहिलं तर कधीतरी तिच्या हाती लागेल, आणि तिच्यासाठी कोणी रदबदली केली याचं ती वाईट वाटून घेईल.

आपली,
राजश्री

&nbsp;

रत्नागिरी,
रविवार, १४ मे २०००

प्रिय आत्या,

पेटी पोचली. सगळे आंबे नीट. पण आधी काम.

अठ्ठ्याहत्तर काचा सोमवारी संपल्या. मुंबईला ताडून पाहिल्या, आता कधी माझा जास्त, कधी त्यांचा, जसं व्हायला हवं तसं. काम इथेच राहिलं. पुढच्या पन्नास काचा आल्यासुद्धा. एकूण चार गाठी कमी वाहिन्यांच्या गटातून जास्तीच्या गटात सरकल्या. त्या चार बायका कोण, कुठे आहेत, आहेत की नाहीत, मला कधीच कळणार नाही. माझ्या सुपात त्यांचं काहीतरी पडून होतं, ते परत गेलं एवढंच.

राजीनाम्याचा कागद फाडला. दुसरी बाजू कोरी होती, तेवढी ठेवली.

आता मुकुल. गेल्या गुरुवारी ते स्वतः इथे आले. आमच्याकडे दोघांनी एकाच वेळी बघायचा मायक्रोस्कोप आहे, त्यावर बसून शंकेच्या काचा मिळून बघायच्या होत्या. वय सत्तावन्न, डोक्यावर केस नाहीत, एक नात आहे, तिचं नाव ओवी. मुंबईत जागा स्वतःची आहे, तू विचारलं होतंस म्हणून लिहिते. मी त्यांना मुकुलकाका म्हणते. त्यांच्याकडेही ते अंगठ्याचं यंत्र खणात पडून असतं. तेसुद्धा तोंडानेच मोजतात.

तू पेटीवर "चार डझन" लिहिलं होतंस. बाई म्हणाल्या, निम्मे मुकुलकाकांना दे. ते जमिनीवर बसले, सगळे आंबे बाहेर काढले, मोजले, पुन्हा मोजले, आणि जरा अस्वस्थ होऊन माझ्याकडे बघून म्हणाले, "मनस्विनी, तुमच्या आत्यांचा आकडा एकाने कमी आहे."

बाई एवढ्या हसल्या, की दमयंती हिमोग्लोबिन सोडून धावत आली. सुपाऐवजी पेटीत आलेला तो लाभाचा एकोणपन्नासावा आंबा आम्ही चौघांनी लॅबच्या पायरीवर बसून खाल्ला. देवीला चालेल ना?

बाईंनी मोजणीच्या नियमांचा कागद नव्याने टाइप करायला दिला. त्यात पहिलाच नियम त्यांनी हाताने घातला आहे: "मोजणी एकापासून सुरू करावी." तो कागद मुंबईलाही जाणार. तिथले लोक विचार करत बसतील, की रत्नागिरीकर हे वेगळं कशाला सांगतात.

सवय मात्र जात नाही, आत्या. तू एवढी खोल घातलीस. पहिले दोन आठवडे एक म्हणताना जीभ अडखळायची, आणि लाभ गिळून टाकला की काहीतरी अपशकुन केल्यासारखं वाटायचं. शेवटी मी एक तोड काढली आणि ती बाईंना सांगून त्यांची परवानगी घेतली. काच लावते, दिवा स्थिर होऊ देते. मग डोळा लावायच्या आधी, खिडकीबाहेर बघून, लाभ म्हणते. तो कोणाच्याही गाठीतला नसतो. श्वास सोडते, डोळा भिंगाला टेकवते, वरच्या डाव्या कडेची पहिली वाहिनी शोधते.

एक.

तुझी,
मनू